आराखड्याचेही चावडीवाचन हवे

गंगाखेडहून दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगरांकडे निघाले की राणीसावरगाव लागते. परभणी जिल्ह्यातले हे महसूल मंडळाचे गाव. पीकविम्याच्या किंवा अनुदानाच्या दिवसांत ऑनलाइन सेवा केंद्रापुढे जी गर्दी होते, तिच्या हातातल्या पिशव्यांमधून तेच चार कागद निघतात: सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक. केंद्र चालवणारा मुलगा मान वर न करता विचारतो, "गट नंबर?" मग, "खाते नंबर?" बोटे चालतात, चक्र फिरते, लाल अक्षरांत एक ओळ उमटते आणि तो म्हणतो, "काका, नाव जुळंना. तलाठ्याकडं जाऊन या."

काका तलाठ्याकडे जातात. तिथून गंगाखेडला तहसीलला. एक दिवस मोडतो, दोन मोडतात, तोवर रानातला वापसा निघून जातो.

चूक कुणाची? केंद्रातल्या मुलाची नाही, काकांची नाही आणि पुष्कळदा तलाठ्याचीही नाही. ती झालेली असते कैक महिने आधी, कुठल्याशा शहरातल्या कार्यालयात, फळ्यावर चौकोन आणि रेषा काढल्या जात असताना. या यंत्रणेत 'शेतकरी' म्हणजे कोण, 'जमीन' म्हणजे काय आणि दोघांमधले नाते कुठल्या रकान्यात लिहायचे, हे त्या दिवशी ठरते. संगणकाच्या जगात या कामाला क्लास डिझाइन म्हणतात आणि ते अभियंत्यांचे आपापसातले काम समजले जाते. ज्या सॉफ्टवेअरवर गावाचे पोट चालते, त्याचे क्लास डिझाइन गावासमोर व्हायला हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

क्लास, ऑब्जेक्ट, ॲट्रिब्यूट या शब्दांची कॉलेजच्या मुलांनाही धास्ती वाटते. पण ज्याने तलाठ्याचे दप्तर उघडून पाहिले आहे, त्याला ते कळायला पाच मिनिटे पुरतात. गाव नमुना सातचा कोरा छापील कागद म्हणजे क्लास. त्यात काय काय लिहिता येईल हे ठरलेले आहे, पण अजून काहीच लिहिलेले नाही. तो एका गटासाठी भरला की झाला ऑब्जेक्ट. त्यावरचे रकाने म्हणजे ॲट्रिब्यूट, गुणधर्म: गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, आकार, भोगवटादार वर्ग एक की दोन. नावाशेजारी जो फेरफार क्रमांक असतो, त्याचा धागा धरून नमुना सहामध्ये जाता येते. ही जमीन कुणाकडून, कशी आणि कधी आली ते तिथे सापडते. खाते क्रमांकाचा धागा धरला की आठ-अ निघतो. एका नमुन्यातून दुसऱ्यात नेणारे हे धागे म्हणजे वस्तूंमधली नाती, रिलेशनशिप.

गाव नमुने एक ते एकवीस, ही संगणक यायच्या कितीतरी आधी महसूल खात्याने कागदावर उभी केलेली क्लासची मांडणीच आहे. आणि ती सुबक आहे. तिच्या कर्त्यांपुढे एक प्रश्न होता, सारा कुणाकडून घ्यायचा. म्हणून मांडणीच्या मध्यभागी जमीन आहे. गट हा मुख्य. माणूस म्हणजे त्याच्या एका रकान्यातले नाव. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीचे दप्तर निराळे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली सगळ्या राज्याचा साचा एक झाला. तरी जुना वाद उकरला गेला की वकील आजही खासरा पाहणी पत्रकाची नक्कल मागतोच. साचा बदलला म्हणून जुनी नाती नव्या रकान्यांत आपोआप बसत नाहीत.

खरी अडचण सुरू झाली ती सरकार जमिनीऐवजी थेट माणसाशी व्यवहार करू लागले तेव्हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. पैसे द्यायचे होते शेतकरी कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालची मुले. दप्तरात मात्र 'कुटुंब' नावाचा नमुना नव्हता. 'शेतकरी' नावाचाही नव्हता. होते ते खाते. एकाच माणसाचे एक खाते त्याच्या एकट्याचे, दुसरे तिघा भावांचे सामाईक, तिसरे शेजारच्या शिवारात आईच्या माहेराकडून आलेले. आणि प्रत्येक ठिकाणी नावाची तऱ्हा वेगळी. कुठे ज्ञानोबा, कुठे ज्ञानदेव, कुठे वडिलांचे नाव आहे तर आडनाव नाही. घरात एका नावाने वाढलेला, शाळेत दुसऱ्या नावाने गेलेला आणि आधारवर तिसऱ्याच स्पेलिंगने छापला गेलेला माणूस एकच आहे, हे यंत्राला कळावे कसे? नाव हा माणसाचा गुणधर्म आहे, ओळख नव्हे. या दोन गोष्टी एक समजल्या की "जुळंना" ठरलेलेच. पुढे ॲग्रिस्टॅक या सरकारी नोंदणी यंत्रणेत शेतकऱ्याला स्वतःचा ओळख क्रमांक मिळाला आणि त्याच्याखाली त्याचे सगळे गट जोडायला सुरुवात झाली. ही दुरुस्ती बरोबर आहे. तिला उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत तहसीलच्या फेऱ्या मारणाऱ्यांनी भरली.

व्याख्येतला एक शब्द हलला की काय होते, हे दोन कर्जमाफ्यांनी दाखवून दिले आहे. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाची मर्यादा होती कुटुंबाला. नवऱ्याचे कर्ज एका बँकेत, बायकोचे दुसऱ्या. दोघे एकाच घरातले हे कुठल्याच नोंदवहीत नाही. म्हणून घरोघरचे ऑनलाइन अर्ज भरून घ्यावे लागले, ते बँकांच्या याद्यांशी ताडावे लागले, आणि शेतकरी रात्री-बेरात्री केंद्रांवर ताटकळले. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांची मर्यादा ठेवली व्यक्तीला. बँकेतले कर्जखाते आणि आधार यांची सांगड घालून अंगठा घेतला की काम झाले. अर्जाचा फापटपसारा उरला नाही. राज्य तेच, बँका त्याच, शेतकरीही तेच. कुटुंब हा निकष न्यायाला धरून असेल, त्याबद्दल वाद नाही. पण मग 'कुटुंब' ही गोष्ट आधी मांडणीत आणायला हवी होती, तिला क्रमांक द्यायला हवा होता, तिच्यात कोण कधीपासून कधीपर्यंत आहे हे लिहायची सोय हवी होती. मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा अठराचा होतो, भाऊ वेगळे निघतात.

शिकाऊ अभियंता पहिली चूक करतो ती प्रकार पाडण्यात. त्याला शिकवलेले असते की वरच्या क्लासचे गुण खालच्या क्लासला मिळतात, यालाच इनहेरिटन्स म्हणायचे. पुस्तकातले उदाहरण असते प्राणी आणि कुत्र्याचे. मग तो शेतीचे सॉफ्टवेअर लिहायला बसला की 'शेतकरी' हा वरचा क्लास करतो आणि त्याच्याखाली तीन पोटप्रकार काढतो: जमीनमालक, बटईदार, मजूर. कागदावर चित्र देखणे दिसते. राणीसावरगावच्या शिवारात ते एक वर्षही टिकत नाही. तिथला एखादा गडी खरिपात स्वतःच्या दोन एकरांत सोयाबीन घेतो, रब्बीत शेजाऱ्याचे रान बटईने करून ज्वारी पेरतो, आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. तो मालक आहे, बटईदार आहे आणि मजूरही आहे. कुत्रा जन्मभर कुत्रा असतो. बटईदार फक्त त्या रानापुरता, त्या हंगामापुरता आणि त्या तोंडी करारापुरता बटईदार असतो. म्हणजे बटई हा माणसाचा प्रकार नाही. ते माणूस आणि गट यांच्यामधले नाते आहे, आणि त्या नात्याला स्वतःचे गुणधर्म आहेत: कुठला हंगाम, किती वाटा, बियाणे कुणाचे, खत कुणाचे. ही एवढी एक गोष्ट ज्याला उमजली त्याला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइनचा निम्मा अभ्यासक्रम उमजला.

आज ई-पीक पाहणीत हे नाते लिहायला जागा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेले हे ॲप चांगल्या हेतूने आले आहे. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची, शेतात उभे राहून फोटो काढायचा, ही कल्पनाच मोठी आहे. पण नोंद होते खातेदाराच्या नावाने. रान ज्याने कसले, बी ज्याने उसनवारीवर आणले, त्याचे पीक वाहून गेले तर मदत जमा होते मालकाच्या खात्यात. मालक भला असला तर वाटून देतो. यात सगळा दोष सॉफ्टवेअरचा नाही, हेही म्हटले पाहिजे. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा अजून लोकांच्या मनात ताजा आहे. बटई कागदावर आली की रानाला कूळ लागेल, ही भीती मालकाच्या मनातून जात नाही. त्या भीतीवर उपाय कायद्यानेच करावा लागेल. पण कायदा झाला तरी नोंद करायला रकानाच नसेल तर तो कायदा कुठे टेकणार?

आता कोयत्याकडे यायला हवे, कारण या सगळ्या विषयाचा जीव तिथे आहे.

गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा मुकादमाच्या वहीत माणसे लिहिली जात नाहीत, कोयते लिहिले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उचल मिळते कोयत्याला. खाडा पडतो कोयत्याचा. टनामागचा हिशेब कोयत्याचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनाला, म्हणजे कोयत्याच्या खात्यात. फडात बाई पहाटेपासून वाढे बाजूला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढते, रात्री कोपीवर येऊन चूल पेटवते. वहीत तिचे नाव नसते. ती आहे की नाही हे फक्त एकाच खुणेवरून कळते: कोयता पूर्ण लिहिला आहे की अर्धा.

संगणकाच्या भाषेत हे असे मांडता येईल. 'कोयता' हा क्लास. त्याला एक नाव, नवऱ्याचे. आणि एक जिवंत बाई ही त्या क्लासचा एक गुणधर्म, 'पूर्ण' किंवा 'अर्धा'. गुणधर्माला ताप येत नाही, गुणधर्माचे बाळंतपण होत नाही, गुणधर्माला मजुरी द्यावी लागत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला तेव्हा राज्याला समिती नेमून वेगळी पाहणी करावी लागली. ८२ हजारांहून अधिक महिलांची विचारपूस झाली; त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. ज्या वहीवर हा सगळा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्या वहीत यातली एकही बाई माणूस म्हणून नोंदलेली नव्हती.

उद्या एखाद्या कारखान्याने किंवा सरकारी महामंडळाने हा हिशेब संगणकावर घ्यायचे ठरवले आणि अभियंत्याने मुकादमाची वही जशीच्या तशी उतरवून घेतली, तर बाई संगणकातूनही गायब होईल, आणि या वेळी कायमची. कारण एकदा चालू झालेल्या यंत्रणेचा पाया बदलणे फार महाग पडते. योग्य मांडणी अवघड नाही. 'मजूर' हा क्लास, आणि प्रत्येक मजूर स्वतंत्र: स्वतःचे नाव, स्वतःचे वय, स्वतःचे बँक खाते. 'कोयता' हे दोन मजुरांना एका हंगामापुरते, एका मुकादमाखाली जोडणारे नाते. उचल त्या नात्याची, ठीक आहे. पण मजुरी, आजारपण, अपघात, रजा हे सगळे माणसाचे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रे देण्याचे काम २०२१ पासून हाती घेतले गेले. त्यातल्या प्रत्येक ओळखपत्राच्या मागे जोडी नसून एक माणूस असलाच पाहिजे. तिथे तडजोड नको.

बायकांच्याच बाबतीत सातबाऱ्यावर एक रकाना नीट पाहण्यासारखा आहे: 'इतर हक्क'. मूळ हेतू साधा, जमिनीवर मालकीखेरीज कुणाचे काही असेल तर लिहावे. प्रत्यक्षात तो घरातल्या माळ्यासारखा झाला. सोसायटीचा बोजा तिथे, विहिरीतला आठ आणे हिस्सा तिथे, कोर्टाचा मनाईहुकूम तिथे, आणि बाप वारल्यावर बहिणींची नावेही कित्येक ठिकाणी तिथेच. भाऊ भोगवटादाराच्या रकान्यात, बहीण बोजाच्या शेजारी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. देशाच्या कायद्यात तो २००५ मध्ये आला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मापासूनचा आहे असे सांगितले. इतके होऊनही कागदावरची बहीण माळ्यावरच असेल तर तो मांडणीचा दोष आहे. भाऊ आणि गट यांच्यात जे नाते आहे, अगदी तेच नाते बहीण आणि गट यांच्यात आहे. म्हणून ते त्याच जातीच्या रेषेने दाखवायला हवे. 'इतर' नावाचा मोकळा रकाना ज्या आराखड्यात असेल, तिथे दुबळ्याची नोंद त्यातच जाऊन पडते.

'अ.पा.क.' ही तीन अक्षरेही तशीच. अज्ञान पालन कर्ता. वारस लहान असला की त्याच्या नावापुढे हा शेरा आणि पालकाचे नाव येते. मूल मोठे होते, मिशा येतात, त्याची पोरे शाळेत जायला लागतात, शेरा तिथेच राहतो आणि कर्जाच्या वेळी आडवा येतो. मग अर्ज करून तो कमी करून घ्यायचा. वय ही रोज बदलणारी गोष्ट आहे. जन्मतारीख लिहिली असती तर सज्ञान कधी झाला हे यंत्राने स्वतःच मोजले असते. मोजून काढता येणारी गोष्ट लिहून ठेवू नये, हे डिझाइनच्या पहिल्याच धड्यात असते.

गुणधर्म चुकीच्या ठिकाणी लावला की काय होते, याचा अनुभव राणीसावरगावला पावसाळ्यात येतो. मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला तर त्या मंडळात अतिवृष्टी. पाऊस हा अशा रीतीने मंडळाचा गुणधर्म झाला, आणि मंडळाखालच्या सगळ्या गावांतल्या सगळ्या गटांना तोच आकडा चिकटला. डोंगराच्या या अंगाला ढग फुटावा आणि त्या अंगाला मापकाच्या नळीत जेमतेम बूड ओले व्हावे, हे या भागात कुणालाही नवे नाही. पीकविम्याचेही तसेच: २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगांतल्या उत्पन्नावर ठरते आणि ते उत्पन्न मंडळाचे सरासरी असते. प्रत्येक गटात पर्जन्यमापक बसवता येणार नाही, हे मान्य. पण मंडळाचा आकडा आणि गटाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी मांडणीत दिसले पाहिजे. गटाचा रकानाच नसेल तर शेतकऱ्याने काढलेला तुंबलेल्या रानाचा फोटो ठेवायचा कशाच्या खाली?

ही मागणी गावाकडून येते म्हणून ती अडाणी समजू नये. क्लास आणि ऑब्जेक्टची कल्पना जगाला दिली ती नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये १९६० च्या दशकात त्यांनी सिम्युला ही भाषा रचली. तिच्या सिम्युला-६७ या आवृत्तीत आजची क्लासची कल्पना पहिल्यांदा स्पष्ट उतरली. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. एवढे बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. फारसे सांगितले जात नाही ते पुढचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच न्यूगार्ड नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर कामाला लागले. कारखान्यात संगणक येणार, कामाची मांडणी बदलणार. मग ती मांडणी कशी असावी यात कामगाराचा शब्द चालला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कामगारांना त्यांनी यंत्रणा समजावून दिल्या, आणि कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्या. वापरणाऱ्याला बरोबर घेऊन सॉफ्टवेअर घडवण्याची जी परंपरा पुढे स्कँडिनेव्हियात रुजली, तिचे एक मूळ इथे आहे. क्लास शोधून काढणारा माणूस स्वतः कामगारांकडे गेला होता.

आपल्याकडे याची वाट मळलेली आहे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी राज्यात चावडीवाचन झाले. तलाठ्याने गावासमोर उतारे वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. कुणाचे क्षेत्र कमी पडले होते, कुणाचे नाव गळले होते. त्या दुरुस्त्यांनंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तेव्हा वाचले गेले ते रकान्यांतले मजकूर. रकाने कोणते असावेत, हे मात्र अजून कुठल्याच चावडीत वाचले गेलेले नाही.

ते वाचणे शक्य आहे का? अगदी शक्य आहे. क्लासचा आराखडा म्हणजे शेवटी चौकोन आणि रेषा. शेतकरी, गट, खाते, कोयता, मुकादम, मंडळ असे पंधरा-वीस चौकोन मराठीत, मोठ्या अक्षरांत एका फ्लेक्सवर छापता येतात. रेषेवर लिहायचे: एका गटाला किती खातेदार? एका खातेदाराला किती गट? बटईदार कुठे आहे? बहीण कुठे आहे? विहीर एका गटाची की तिघांची? हे प्रश्न विचारायला संगणकाची पदवी लागत नाही. गावातल्या म्हातारीला विचारा, ती पाच मिनिटांत सांगेल की या चित्रात तिची पाण्याची पाळी कुठे दाखवलेली नाही.

आणि ते चित्र काढायला माणसे जवळच आहेत. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली या चार जिल्ह्यांतली संगणकशास्त्राची मुले-मुली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली शिकतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी ट्रंकेत सातबारा आहे, कित्येकांचे आई-वडील कोयत्यावर जाऊन आले आहेत. तरी प्रात्यक्षिकाच्या वहीत ती कार आणि इंजिन, एम्प्लॉयी आणि मॅनेजर, त्रिकोण आणि वर्तुळ हीच उदाहरणे उतरवतात. कारला इंजिन असते हे नाते सरळ आहे, त्यात डोके लागत नाही. सामाईक गटातली आणेवारी, हंगामापुरती बटई, दोन माणसांचा एक कोयता, यांची मांडणी करायला द्या. डिझाइन म्हणजे काय ते एका सत्रात कळेल. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने एवढा एक बदल केला तर मराठवाड्यातून असे अभियंते निघतील, ज्यांना पुण्या-मुंबईच्या कार्यालयात फळ्यावर चौकोन काढले जात असताना उठून सांगता येईल की सर, इथे बाई राहिली.

महसूल आणि कृषी खात्यांनी, साखर आयुक्तालयाने आणि ऊसतोड कामगार महामंडळाने गावकऱ्यांसाठीच्या प्रत्येक नव्या यंत्रणेचा आराखडा लिहायला घेण्याआधी तो मराठीत जाहीर करावा आणि निवडक गावांत ग्रामसभेपुढे ठेवावा. सुरुवात राणीसावरगावपासून केली तरी चालेल. ग्रामसभा वर्षातून चारदा भरतेच. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तारखा गावागावांत रुळलेल्या आहेत. त्यांतला १५ ऑगस्ट निवडावा. २६ जानेवारीला या पट्ट्यातले कोयते फडात असतात.